कुशीवर वळवण्याआधी

बसस्थानकावर त्यांना सगळे भोंगा म्हणायचे, आणि ते त्यांना आवडायचं. चौकशीच्या खिडकीमागे बसून ते माइकवर गाड्या पुकारत. कधी माइक बंद पडलाच, तर खिडकीतून डोकं बाहेर काढून नुसत्या गळ्यावर काम भागवत. शेवटच्या फलाटावर डुलक्या काढणारा माणूसही दचकून उठायचा आणि पिशव्या उचलून बरोबर आपल्याच गाडीकडे धावायचा. उभी नोकरी त्यांनी त्या खिडकीत काढली.

घरी मात्र हा भोंगा मुका. दिवसभर ओरडून घसा कोरडा पडलेला असायचा, म्हणून सुरुवातीला गप्प बसायचे. पुढे त्याची सवयच झाली. बायको दोघांच्या वाटचं बोलायची. प्रश्न तीच विचारायची, उत्तरही तीच द्यायची, आणि वर म्हणायची, "बरं झालं, तुमचंही तेच मत पडलं." ते वर्तमानपत्राआडून हसायचे. संसार असा छान चालला होता. एकुलती एक मुलगी शिकली, लग्न होऊन लांबच्या शहरात गेली. मग हेही निवृत्त झाले. आता दोघांनी निवांत बसायचं, असं ठरलं होतं.

ते बसणं काही झालं नाही. एका सकाळी ओट्याशी उभी असलेली बायको भिंतीला धरत धरत खाली बसली आणि तिला पुन्हा उठता आलं नाही. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि त्यांच्याबरोबर बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, सगळं समजतं त्यांना, पण तोंडात शब्द येत नाही. उरले ते मोजके शब्द: 'हो', 'असू दे' आणि 'उद्या'. 'नाही' हा शब्दच हरवला होता. त्यामुळे नको असेल तेव्हा ती 'उद्या' म्हणायची. औषध समोर धरलं की उद्या. शेजारीण भेटायला आली की उद्या. भोंगाकाकांना ते कळायला आठवडा लागला. तोवर ते बिचारे दुसऱ्या दिवशी तीच वस्तू घेऊन पुन्हा हजर व्हायचे.

मुलगी येऊन महिनाभर राहिली. जाताना म्हणाली, "बाबा, दिवसाची एखादी बाई ठेवा."

"माझ्या हातांना काय झालंय?" ते म्हणाले.

ज्या माणसानं आयुष्यात स्वतःचा चहा स्वतः केला नव्हता, त्यानं सगळं अंगावर घेतलं. अंग पुसणं, वेणी घालणं, भरवणं, भांडं देणं, चादरी धुणं. नोकरीत गाड्यांच्या वेळा सांभाळल्या तशा इथे औषधांच्या सांभाळल्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, असं दवाखान्यातून निघताना सांगितलं होतं. ती वेळ त्यांनी कधी चुकवली नाही. पलंगाच्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खिडकी. एकदा भिंतीकडे, एकदा खिडकीकडे. ते घड्याळ बघायचे, जवळ यायचे, धरायचे आणि वळवायचे. तोंडातून अक्षर नाही. काम झालं की पांघरूण सारखं करून परत स्वयंपाकघरात. घर स्वच्छ, बायको स्वच्छ. येणारेजाणारे म्हणायचे, नवरा असावा तर असा.

एकच गोष्ट त्यांना खायची. ते जवळ आले की ती ताठ व्हायची. डाव्या हातानं पलंगाचा लोखंडी कठडा घट्ट धरायची आणि काम उरकेपर्यंत सोडायची नाही. दुखण्यातच अंग आखडत असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

आठवड्यातून तीनदा ते रिक्षावाल्याच्या मदतीनं तिला जिना उतरवून दवाखान्यात व्यायामाला नेत. व्यायामाच्या खोलीत नातेवाइकांना येऊ देत नसत. म्हणून ते बाहेरच्या बाकावर बसून राहत. समोरच्या दारावर पाटी होती: परिचारिका प्रशिक्षण, प्रात्यक्षिक खोली. दाराच्या काचेतून आतले पलंग, चादरींच्या चळती आणि पांढऱ्या गणवेशातली पोरं-पोरी दिसत.

एका सकाळी त्या दारातून एक ठेंगणी, ठसठशीत बाई बाहेर आल्या. केस पांढरे, चष्मा कपाळावर चढवलेला. शिकवणाऱ्या बाईच त्या. त्यांनी बाकाकडे निरखून पाहिलं.

"काका, रिकामे आहात का?"

"बायको आत आहे, व्यायामाला."

"माहितीये. तासभर तरी लागेल त्यांना. तोवर जरा आमच्याकडे येऊन पडता का?"

चौकशीच्या खिडकीत त्यांना लोकांनी नाही नाही ते विचारलं होतं, पण हे कोणी विचारलं नव्हतं.

"पडू? ते कशाला?"

"आमची मावशी मोडली ना काल. कमरेतून."

काकांचा चेहरा पडला. "अरेरे. वय काय होतं?"

बाईंनी चष्मा खाली ओढून त्यांच्याकडे पाहिलं. "प्लास्टिकची होती हो. मुलं तिच्यावर सराव करतात. आता दुसरी कधी येईल देव जाणे, आणि परीक्षा काही थांबत नाही. सुई नाही, औषध नाही. नुसतं पडून राहायचं."

आयुष्यात पडून राहण्यासाठी त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ते चपला काढून आत गेले.

पलंग कडक होता, चादर कडक होती, आणि सभोवती वीस-पंचवीस कोवळे चेहरे. त्या दिवशीचा धडा होता रोग्याला कुशीवर वळवण्याचा. बाईंनी वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीला पुढे बोलावलं. पोरगी हुशार. पलंगाची चाकं अडकवायची, उशी काढायची, रोग्याचा गुडघा दुमडायचा, एक हात खांद्याला, एक कमरेला. सगळ्या पायऱ्या तिनं न अडखळता म्हणून दाखवल्या आणि एका झटक्यात काकांना वळवलं.

दुखलं बिखलं काही नाही. पण समोरचं छत एकदम गेलं आणि नाकासमोर भिंत आली.

"कसं वाटलं, काका?" बाईंनी विचारलं.

"छान. पहिल्या नंबरचं काम."

"मग कठडा का धरलाय?"

काकांनी आपल्या हाताकडे पाहिलं. बोटं पांढरी पडली होती. हात तिथे कधी गेला ते त्यांना कळलंच नव्हतं.

बाई त्या मुलीकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "तू सगळं बरोबर सांगितलंस. कोणाला सांगितलंस?"

"तुम्हाला, बाई."

"आणि वळवलं कोणाला?"

मुलीनं काकांकडे पाहिलं.

"पुस्तकात लिहिलंय, रोग्याला कल्पना द्यावी आणि त्याच्या होकाराची वाट पाहावी. अर्धी ओळ आहे, म्हणून तुम्ही सगळे ती गिळता. पुन्हा कर."

मुलगी वाकली. "काका, आता मी तुम्हाला भिंतीकडे वळवणार आहे. चालेल?" आणि थांबली.

"चालेल," काका म्हणाले. म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं की आपलं अंग आपणहूनच भिंतीकडे निघालंय. तिला फारसं काही करावंच लागलं नाही.

त्या दुपारी घरी कूस बदलायची वेळ झाली. काका पलंगाजवळ गेले, नेहमीसारखे वाकले, आणि बायकोचा डावा हात कठड्याकडे गेला. रोजच जायचा. पण आज त्यांनी तो जाताना पाहिला. ते तसेच वाकलेले राहिले. आपले हात कुठे ठेवावेत, ते त्यांना कळेना.

मग त्यांनी घसा साफ केला. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि बोलायची त्यांना एकच तऱ्हा ठाऊक होती.

"आता... खिडकीच्या दिशेने... वळवण्यात येत आहे."

आवाज इतका मोठा निघाला की खिडकीवरचं कबूतर उडालं. बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडाची डावी बाजू हलली, डोळे बारीक झाले, आणि ती हसली. दुखण्यात पडल्यापासून पहिल्यांदा. काकाही हसले आणि हसता हसता खाली बसले.

कठडा मात्र तिनं सोडला नाही. इतक्या महिन्यांचं भय एका घोषणेनं थोडंच जाणार. ते रोज सांगू लागले, सांगून थांबू लागले. महिनाभरात भिंतीकडे वळताना ती मोकळी होऊ लागली. खिडकीकडे वळताना मात्र हात कठड्याकडे जायचाच. ते का, हे काही त्यांना उमगेना.

इकडे शाळेत त्यांची पेशंटगिरी पक्की झाली. नवी मावशी आली, पण मुलांना काकाच हवे असत. त्यांचं अंग पुसलं जाई, ताप मोजला जाई, हाताला पट्ट्या बांधल्या जात. बाईंनी त्यांना एक काम नेमून दिलं होतं. प्रत्येकाचं झालं की काय वाटलं ते सांगायचं. काका सगळ्यांना एकच सांगत: छान.

त्या वर्गात एक बारकी मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणत. पलंगाजवळ आली की तिचे हात थरथरायचे. एकदा अंग पुसण्याच्या धड्यात तिनं पाण्याचं भांडं काकांच्या छातीवर उपडं केलं. काका म्हणाले, "असू दे, उकडतच होतं."

तास संपल्यावर बाईंनी त्यांना थांबवलं. "काका, गाडी सुटून गेल्यावर कोणी धापा टाकत खिडकीशी आलं, तर तुम्ही काय सांगायचात? अजून लागायचीये म्हणून?"

"छे. असं कसं सांगेन? माणूस तिथेच बसून राहील की."

"मग माझ्या पोरांना का बसवून ठेवताय?"

काका शर्टाची बटणं लावू लागले.

"तुमचा जीव चांगला आहे, ते कळतं मला," बाई म्हणाल्या. "पण इथे चुकलं तर तुम्ही आहात, मी आहे. चुकण्यासाठीच ही खोली आहे. उद्या वॉर्डात ती एकटी असेल आणि पलंगावर खरंच कोणीतरी आजारी असेल. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे खरं. पण नाकातोंडात पाणी जातंय, एवढं तरी कोणी सांगायला हवं की नको?"

पुढच्या तासाला चिमणीचं झालं तसं काकांनी छताकडे बघत सांगून टाकलं. "पोरी, तुझे हात फार गार असतात. अंगावर शहारा येतो. आणि सबंध वेळ तू बाईंकडे बघतेस. मी इथे आहे की नाही, असं वाटतं."

चिमणीनं मान खाली घातली, चादर घडी घालून चळतीवर ठेवली आणि निघून गेली. नंतरच्या तासाला ती आलीच नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही.

काकांना जेवण गोड लागेना. एव्हाना घरी त्यांचं तोंड बरंच सुटलं होतं. कूस बदलण्याची घोषणा करता करता आज पाणी आलं नाही, रिक्षावाला कसा भांडला, वर्गात कोणी काय केलं, असं एकेक सांगायची सवय लागली होती. आता बडबड त्यांची आणि ऐकणं तिचं. चिमणीचंही त्यांनी तिला सांगितलं.

"खरं बोललो, पण त्या लेकराला लागलं गं. शाळा सोडून गेली तर?"

बायकोनं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "असू दे," ती म्हणाली. धीर दिल्यासारखं.

पुढच्या खेपेला काका बायकोला व्यायामाला सोडून बाहेर आले, तर बाकावर चिमणी बसलेली. त्यांना बघून उठली.

"काका, एक विचारू? गार हात लागला की पहिल्यांदा काय होतं? म्हणजे नक्की कसं वाटतं?"

काकांनी विचार करून सांगितलं, "आधी श्वास अडकतो. मग वाटतं, आता पुढे काय होणार."

तिनं मान हलवली. "मी बाईंकडे बघते, कारण तुमच्याकडे बघायची भीती वाटते. वाटतं, माझ्यानं तुम्हाला दुखेल आणि ते तुमच्या तोंडावर दिसेल."

"दुखलं तर सांगेन ना मी. तोंड दिलंय मला. आणि कसलं दिलंय ते साऱ्या बसस्थानकाला विचार."

चिमणी हसली. मग तिनं सहज विचारलं, "पण ज्यांना सांगता येत नाही, ते काय करत असतील?"

काकांनी व्यायामाच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं.

चिमणीचा प्रश्न त्यांनी बाईंना जाऊन सांगितला. बाई म्हणाल्या, "काकू येतील का एक दिवस आमच्याकडे? मुलांना फार उपयोग होईल."

"येईल की. न यायला काय झालं?"

"त्यांना विचारलंत?"

काका ओशाळले. घरी जाऊन विचारलं. बायको म्हणाली, "उद्या." आठवड्यानं पुन्हा विचारलं, तर पुन्हा उद्या. मग त्यांनी विचारणं सोडलं. वर्गातल्या गोष्टी मात्र रोज सांगत राहिले. कोणाचे हात हलके आहेत, कोण घाई करतं, चिमणी हल्ली तळवे कशी एकमेकांवर घासते.

एके दिवशी व्यायाम आटोपून ते तिची चाकांची खुर्ची ढकलत बाहेर निघाले. प्रात्यक्षिक खोलीचं दार उघडं होतं. दारावरून जाताना बायकोनं डावा हात लांबवला आणि चौकट पकडली. खुर्ची थांबली.

"काय गं?"

"हो," ती म्हणाली.

आतली मुलं सावरून उभी राहिली. बाईंनी वर्गावरून नजर फिरवली. पहिल्या नंबरच्या मुलीनं पाऊल पुढे टाकलंच होतं, पण बाईंनी चिमणीला बोलावलं. दोघींनी मिळून काकूंना पलंगावर घेतलं. मग चिमणी एकटी पुढे आली. तिनं तळवे घासले, गालाला लावून ऊब पाहिली. मग ती उभ्यानं बोलली नाही, खाली बसून काकूंच्या तोंडासमोर तोंड आणलं.

"काकू, मी तुम्हाला डाव्या कुशीवर वळवणार आहे. आधी तुमचा उजवा हात पुढे घेईन. माझं एक बोट तुमच्या डाव्या हातात देते. दुखलं तर दाबा, मी थांबेन."

काकूंनी बोट धरलं. चिमणी थांबून राहिली.

"हो," काकू म्हणाल्या.

चिमणीनं मोकळ्या हातानं त्यांचा उजवा दंड धरला आणि जरासा पुढे ओढला. लगेच बोट दाबलं गेलं. चिमणी थांबली. बाई पटकन पुढे सरसावल्या आणि मध्येच पाऊल मागे घेऊन ओठ मिटून उभ्या राहिल्या. चिमणीनं बाईंकडे पाहिलंच नाही. ती काकूंचा चेहरा बघत होती. तिनं दंड सोडला, हात हळूच खांद्यामागे, पाठीच्या वरच्या पसरट हाडाखाली सरकवला आणि तिथून आधार दिला. बोटावरची पकड सैल झाली. मग खांदा, हात आणि कंबर मिळून अलगद पुढे आली, आणि काकू कुशीवर वळल्या. कठड्याकडे हात गेला नाही.

काका पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. ते बाईंना हळूच म्हणाले, "मी दंडालाच धरतो. तिथूनच ओढतो."

"या दुखण्यात खांदा सैल पडतो," बाई म्हणाल्या. "ओढला की आत कळ जाते. घरी सोडताना सांगितलं नव्हतं का कोणी?"

काकांना तो दिवस आठवला. दारात रिक्षा उभी, रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, हातात औषधांची पिशवी, आणि एक तरुण परिचारिका गोळ्या, पथ्य, पाठ, खांदा, पुढची तारीख, सगळं एका दमात सांगतेय.

"सांगितलं असेल," ते म्हणाले. "मी हो हो म्हटलं असेन."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "सांगितलं म्हणजे शिकवलं असं होत नाही, काका. तिनं तुमच्याकडून एकदा करवून घ्यायला हवं होतं. आणि ती इथलीच असेल. माझ्याच हाताखालून गेलेली." मग म्हणाल्या, "या पुढे. आता तुम्ही करा."

"मी? इथे? सगळ्यांसमोर?"

"मग कुठे शिकणार?"

काकूंना पुन्हा उताणं झोपवलं. काका वाकले. ज्या बायकोला त्यांनी महिनोन्महिने एकट्यानं उचललं, धुतलं, पुसलं, तिला हात लावताना त्यांना घाम फुटला. त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"काका," मागून चिमणी म्हणाली, "काकूंकडे बघा."

त्यांनी बघितलं. "खिडकीकडे वळवतो हं," ते म्हणाले. इथे त्या बाजूला खिडकी नव्हती, नुसतं कपाट होतं. पण कोणी हसलं नाही. "हो," बायको म्हणाली. त्यांनी हात खांद्यामागे घातला. पहिल्यांदा फार वर गेला, दुसऱ्यांदा नीट बसला. ती वळली. वळून त्यांच्याजवळ आली तेव्हा डाव्या हातानं तिनं त्यांच्या शर्टाची मुडपलेली कॉलर सरळ केली. पूर्वी रोज कामावर निघताना करायची तशी.

घरी आल्यावर ते तिच्या उशाशी स्टूल घेऊन बसले.

"इतके महिने दुखत होतं ना?"

"हो."

"आणि मी आपला घड्याळाकडे बघून ओढतोय."

"हो," ती पुन्हा म्हणाली. तिला खोटं बोलायची सोयच नव्हती. मग तिनं हात लांब करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. "असू दे."

त्यानंतर काकू स्वतःहून वर्गात जाऊ लागल्या. काकांपेक्षा त्या कडक परीक्षक निघाल्या. काम नीट झालं तर 'असू दे', बिनसलं तर 'उद्या'. मुलांमध्ये ती बोलीच झाली. एकमेकांना विचारायची, तुला काय मिळालं? पहिल्या नंबरच्या मुलीला सलग चार 'उद्या' मिळाले आणि ती रडकुंडीला आली. पाचव्या वेळी काकू 'असू दे' म्हणाल्या आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. बाईंनी आपल्या शिकवण्यात एक बदल केला. रोग्याला घरी सोडायच्या आधी नातेवाइकाकडून प्रत्येक गोष्ट एकदा करवून घ्यायची. त्यानं हात लावल्याशिवाय मुलांना गुण नाहीत. वॉर्डातले लोक कुरकुरले, वेळ जातो म्हणाले. बाई म्हणाल्या, नंतर त्यांच्या घरी जाऊन शिकवण्यापेक्षा कमीच जातो.

चिमणी पास झाली. फार वरचा नंबर काही आला नाही. हात तिचे पुढेही नवं काम आलं की थरथरायचे, पण ती ते लपवत नसे. "जरा थांबा हं, माझे हात गार आहेत," असं सांगून घासत बसायची, आणि समोरचा माणूस तेवढ्यात सावरून घ्यायचा. म्हाताऱ्यांच्या वॉर्डात तिला काम मिळालं. काकूंना भेटायला ती सुट्टीच्या दिवशी येत असे आणि आल्या आल्या त्यांची वेणी मोडून पुन्हा घालत असे, कारण काकांची वेणी शेवटपर्यंत वाकडीच राहिली.

काकूंच्या तोंडात हळूहळू आणखी काही शब्द आले. काठी धरून त्या दारापर्यंत जाऊ लागल्या. 'नाही' हा शब्दही एके दिवशी परत आला. त्यानंतरचे काही दिवस त्यांनी तो इतका वापरला की काका कावले.

अशातच त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या शिंप्याच्या वडिलांना तेच दुखणं झालं. दवाखाना निराळा होता. वडिलांना घरी आणलं त्या दुपारी शिंपी जिना चढून वर आला.

"काका, तुम्ही काकूंचं कसं करता ते मला सांगता का? माझी मतीच चालेना."

काका त्याच्याबरोबर खाली गेले. शिवणयंत्र भिंतीला लावून पलंगाला जागा केली होती. म्हातारे खुर्चीत बसले होते, तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे लख्ख. काकांनी बोलायला सुरुवात केली. कूस कधी बदलायची, खांदा कसा जपायचा, उशा कुठे लावायच्या, पाठ कशी बघायची. शिंपी नुसता "हो हो, हो हो" करत होता आणि त्याची नजर घरभर फिरत होती.

काका बोलता बोलता थांबले. त्यांनी चपला काढल्या, पलंगावर चढले आणि उताणे पडले.

"हे काय?" शिंपी म्हणाला.

"माझी उजवी बाजू गेलीये असं समज. आता मला डाव्या कुशीवर घे. आधी सांग, मग धर."

शिंप्याला लाज वाटली. त्यानं वडिलांकडे पाहिलं. वडील टक लावून बघत होते. मग त्यानं कसंबसं तोंड उघडून सांगितलं आणि काकांचा दंड धरून ओढला.

"आई गं," काका म्हणाले. "तुझ्या वडिलांचा खांदा असता तर निखळला असता. खांद्यामागून धर."

दुसऱ्यांदा त्यानं खांदा बरोबर धरला, पण झटका दिला. खुर्चीतून कसलातरी आवाज आला. म्हातारे हसत होते. हसता हसता ते काहीतरी बोलले. शब्द एकमेकांत अडकले होते, म्हणून शिंपी जवळ जाऊन वाकला.

"काय म्हणाले?" काकांनी पडल्या पडल्या विचारलं.

शिंप्याचे डोळे भरून आले होते, तरी तोही हसत होता. "म्हणतायत, महागाच्या कापडाला लावतोस तसा हात लाव."

"बरोबर सांगतायत. तुला येतं की ते."

शिंप्यानं तळवे पँटला पुसले, पलंगाच्या कडेला येऊन खाली वाकला, आणि काकांच्या डोळ्यांत बघून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.